कोळ्याचा रंग

आलापल्लीपलीकडच्या एका टोल्यावरची, म्हणजे लहानशा वस्तीवरची, मोहाची एकोणचाळीस झाडे तुटणार की राहणार, हे धानाच्या दाण्याएवढ्या एका कोळ्याच्या रंगावर येऊन ठेपले होते. हा कोळी जाळे विणत नाही. झुडपाच्या पानावर दबा धरून मुंगीवर झेप घालतो. अंगावर निळी झळाळी, पाठीवर शेंदरी पट्टा आणि समोर मोटारीच्या दिव्यांसारखे दोन मोठे डोळे. असा दुर्मीळ जीव आढळल्यास लाकूड-डेपोसाठीची तोड थांबवावी, असा नियम होता. तो पाळावा लागेल, अशी नियम लिहिणाऱ्यास कल्पना नसावी.

टोल्यावरच्या चैतूने एक कोळी पकडला आणि नासू नये म्हणून पहिल्या धारेच्या मोहाच्या दारूत बुडवून अर्जासोबत तालुक्याच्या कार्यालयात नेला. तोवर तो तपकिरी पडला होता. जिल्ह्यात दारूबंदी असल्यामुळे साहेबांनी बाटलीचा प्रदीर्घ वास घेऊन ती जप्त केली.

"अर्जात निळा लिहिलाय. बाटलीत तपकिरी आहे."

"जिवंतपनी निळाच होता जी," चैतू म्हणाला. "मेल्यावर कोनाचा रंग राह्यते?"

हा युक्तिवाद नोंदवण्यास रकाना नव्हता. कोळी जिवंत आणि जागेवर दाखवावा. सोमवारी समिती येईल, असा आदेश निघाला.

चैतूची बायको सोमारी हिच्या लेखी समिती म्हणजे पाहुणे. मोहफूल गळायच्या आधी झाडाखालची जागा जशी साफ करतात, तशी तिने रविवारी बायका जमवून करवून घेतली: झुडपे कापली, पाचोळा पेटवला, जमीन झाडून काढली. चैतू बाजारातून परतला तेव्हा धूर निघत होता.

"साहेब येऊन राह्यले," सोमारी म्हणाली. "कचऱ्यात उभे करू का त्याइले?"

"कोळी त्या झुडपातच राहे ना, बाई."



समितीने दोन तास शोध घेतला आणि स्वच्छतेचे लेखी कौतुक केले. बुंधे मोकळेच असल्याने मजुरांनी त्याच दुपारी पांढऱ्या रंगाने तोडीचे आकडे टाकले.

एकोणचाळिसाव्या आकड्यापाशी चैतू थबकला. ओल्या रंगात काहीतरी वळवळत होते.

"साहेब, हा पाहा जी. जिता आहे."

साहेबांनी चष्मा लावला, अर्ज उघडला, पुन्हा बुंध्याकडे पाहिले.

"पांढरा," ते म्हणाले, आणि तसे लिहिले.