नानांचा गुळगुळीत पाटा

नानांनी माझ्या चेहऱ्याआधी माझ्या वहाणा पाहिल्या. लग्न होऊन मी जळगावहून धुळ्याला, देवपुरात आले आणि सासूबाईंबरोबर शेजारी पाया पडायला गेले. बघते तर हे निवृत्त ड्रॉइंग मास्तर डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावून उंबऱ्यापाशी माझी वहाण उलटीपालटी करताहेत. "पोरी, तू फार घाईनं चालतेस. टाच बघ कशी झिजलीय." सासूबाईंसमोर हे सांगायची काही गरज होती का?

"झीज बघा, झीज," हा त्यांचा मंत्र. पांझरेच्या काठावरून ते आदिमानवाची गारगोटीची पाती वेचून आणत. मग तशीच नवी पाती स्वतः फोडायची, एकानं सकाळभर ज्वारीची ताटं कापायची, दुसऱ्यानं चांभाराकडचं कातडं खरवडायचं आणि भिंगाखाली जुन्यांशी ताडून बघायचं. ताटं कापून धारेला चकाकी चढते, कातड्यानं ती बोथट होते. "ह्यानं गवत कापलंय. कापणारी बाईच असणार," असं ते इतक्या खात्रीनं सांगत, की ती बाई जणू पलीकडच्या गल्लीत राहते.

घरात मात्र दगडावरूनच भांडण. नानी जाऊन सहा वर्षं झाली होती. स्वयंपाक नानांची विधवा बहीण, अक्का करायची. पाटा पार गुळगुळीत झालेला, आणि नाना त्याला टाकी लावून खरखरीत करू देईनात. "तो पाटा नही, आरसा शे," अक्का कुरकुरायची. "मिरची नुसती सरकी जास." एवढ्या शिकलेल्या माणसाचा हा हट्ट मला मुळीच पटत नसे.

एकदा नाना नदीवर गेले असताना टाकीवाली वडारीण गल्लीत आली. मीच आगाऊपणे तिला हाक मारली. पाट्याला टाकी लावून झाली, तिनं वरवंटा हातात घेतला, तोच नाना दारात.

ते रागावले असते तर परवडलं असतं. ते खाली बसले. खडबडीत पाट्यावरून त्यांनी एकदा हात फिरवला आणि म्हणाले, "वरवंटा राहू दे, बाई."

मग माझा डावा हात धरून त्यांनी वरवंट्याच्या टोकावर ठेवला. तिथे किंचित खोलगट लागलं.

"ती डावखुरी होती. जोर या बाजूनं द्यायची," नाना म्हणाले. "जन्मभर पोरांना चित्रं काढायला शिकवली. तिचं एक काढायचं सुचलं नाही गं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अक्काला नवा वरवंटा आणून दिला. जुना ते रोज स्वतः धुऊन कोनाड्यात ठेवत. मी गेले की कधी कधी म्हणत, "लाव हात." मी डावा हात लावायची.