समैस्मातला शुक्रवारचा बर्फ

कतारमध्ये बर्फ पडत नाही असं कोण म्हणतं? पाडणारा पाहिजे! मी मूळचा बार्शीचा, पण गेली अकरा वर्षं दोह्यात एसी दुरुस्त करतोय. भर जुलैत लोकांच्या बेडरूममध्ये मी महाबळेश्वर आणून बसवलंय! त्यामुळे आमच्या कंपनीच्या मॅनेजर रिफत मॅडमनी "हरिदासभाई, बर्फ की पहाडी बना लोगे?" असं विचारलं, तेव्हा मी छाती पुढे काढून म्हणालो, "मॅडम, ऊंचाई बोलो!"

काम होतं दोह्याजवळ समुद्रकाठच्या समैस्मा गावातल्या एका बंगल्यात. मालक हमजासाहेब. त्यांचे वडील पंच्याऐंशी वर्षांचे. तरुणपणी ते कुठल्याशा थंड देशात शिकायला होते, तिथं बर्फावरून घसरायचे म्हणे. आता डॉक्टरांनी विमानप्रवास बंद केलेला. म्हाताऱ्याची एकच इच्छा उरली होती, मरायच्या आधी एकदा बर्फ हातात घ्यायचा!

हे ऐकलं आणि मी पेटलोच. म्हटलं, हरिदास, या म्हाताऱ्यासाठी बर्फ पाडायचाच!

अंगणात लोखंडी सांगाडा उभा केला, वर प्लायवूड, त्यावर थर्माकोल. बारा फूट उंच उतार! शेजारी बर्फाच्या लाद्या गिळून त्यांचा भुगा पाइपातून फेकणारं मशीन. वरून स्की बांधून घसरत यायला दानियाल नावाचा पट्टीचा खेळाडू बोलावलेला. शुक्रवारी दुपारी चार वाजता साहेब आपल्या वडिलांना, म्हणजे बाबांना, घेऊन येणार होते.

एरवी इथल्या जानेवारीत सकाळी स्वेटर लागतो. यंदाचा जानेवारी मात्र मे महिन्याचा सख्खा भाऊ निघाला! मी पहाटे पाचला मशीन सुरू केलं. आठ वाजता उतार दह्यासारखा पांढरा. दहाला ताकासारखा. अकराला थेट प्लायवूड! एकतीस डिग्री! मी वरून बर्फ टाकतोय आणि सूर्य खालून स्ट्रॉ लावून पितोय. मी हिरवी जाळी बांधली, ताडपत्री ताणली, पंखे लावले. पंख्यांनी गरम वारा आणखी जोरात मारला!

साडेअकराला लाद्या संपत आल्या. शुक्रवार, त्यात नमाजची वेळ. बर्फाचा कारखाना बंद.

"खलास, हरिदासभाई," रिफत मॅडम म्हणाल्या. "मना कर देते हैं."

"अजिबात नाही!" मी इतक्या जोरात ओरडलो, की मॅडमना मराठी समजली.

तेवढ्यात मला आठवलं. आमच्या गोदामात मॉलच्या कार्यक्रमांना वापरायचं एक छोटं मशीन होतं. त्यात पातळ औषध ओतलं की पांढरे कण भुरभुर उडतात. दिसायला अस्सल बर्फ! मी ड्रायव्हर अश्फाकला फोन लावला.

"अश्फाकभाई, मशीन उठाओ, और स्नो का लिक्विड लाओ! जितना मिले उतना!"

"दुकानें बंद हैं, भाई."

"जो खुली है उसमें से लाओ! यल्ला, जल्दी!"

साडेतीनला अश्फाक आला. सोबत मशीन आणि वीस लिटरचे दोन कॅन. वर इंग्रजीत ठसठशीत 'स्नो'. पुढंही काहीतरी लिहिलं होतं, पण ते वाचायला वेळ कुणाला? बादलीभर पाण्यात वाटीभर ओतायचं असतं. मी म्हटलं, आज उष्णता जास्त आहे. ओता सगळं!

काय सांगू! पंधरा मिनिटांत उतार पांढराशुभ्र! मी गावाकडं बायकोला, सत्यभामेला, व्हिडिओ कॉल लावला. "बघ, बर्फ पाडला!"

तिनं डोळे बारीक केले. "अहो, पण बर्फाला फेस का येतोय?"

"तुला काय कळतंय!" म्हणत मी फोन ठेवला आणि वळून पाहिलं. बारा फुटांची टेकडी अठरा फुटांची झाली होती. मी बटण बंद केलं, तरी ती फुगतच होती! समुद्रावरून वारा सुटला आणि ढीगच्या ढीग अंगणभर निघाले, कोपऱ्यात उभी असलेली साहेबांची धुळकट गाडी गिळत. एका ढिगात रिफत मॅडम गेल्या. "हरिदास!" एवढाच आवाज बाहेर आला. 'भाई' आतच राहिला.

नेमक्या त्याच क्षणी फाटकातून बाबा आले. व्हीलचेअरवर. ढकलत होते हमजासाहेब, पांढऱ्याफेक पायघोळ अरबी झग्यात. आणि दानियालला वाटलं, हीच आपली वेळ! त्यानं वरून झेप घेतली. फेसात घुसला तो दिसेनाच! थोड्या वेळानं पार चहाच्या टेबलाखालून दोन स्की बाहेर आल्या, मागून शिंकत दानियाल.

बाबांनी मूठभर फेस उचलला. नाकाशी नेला.

"साबून," ते हळूच म्हणाले.

अरबी आणि मराठी इतकी जवळची असेल असं मला कधी वाटलं नव्हतं! अश्फाकनं घाईघाईनं कॅन फिरवला. 'स्नो'च्या पुढं 'फोम' लिहिलेलं, आणि मागच्या बाजूला मोटारीचं चित्र. त्यानं मोटारी धुवायचा शाम्पू आणला होता!

बाबांच्या डोळ्यांतला उजेड विझलेला मला दिसला, आणि माझं हसूही गेलं, भीतीही गेली. मी लाद्यांच्या मशीनकडं धावलो. हात खांद्यापर्यंत आत घातला, तळाशी अडकलेला शेवटचा भुगा खरवडला आणि ओंजळीत धरून पळत सुटलो. वाटेत निम्मा गळाला. उरलेला बाबांच्या तळव्यावर ठेवला.

"माफ करा, बाबा," मी मराठीतच म्हणालो. "खरा एवढाच आहे."

म्हाताऱ्यानं मूठ मिटली. डोळे मिटले. बोटांतून पाणी गळत होतं. मग त्यांनी तो भुगा दाबून दाबून गोळा केला, आणि फटकन फेकला, थेट हमजासाहेबांच्या नाकावर!

सगळे गार! हमजासाहेबांनी नाक पुसलं, वडिलांकडं पाहिलं. बाबा खदाखदा हसत होते, खोकला येईपर्यंत. मग साहेबही हसले, खाली बसून वडिलांचे ओले हात त्यांनी आपल्या कपड्याला पुसले. मी तोंड फिरवलं. डोळ्यांत शाम्पू गेला होता, दुसरं काही नाही!

तासाभरानं फेस बसला तसं साहेबांनी मला बोलावलं. खांद्यावर हात ठेवला.

"बाबा तीन वर्षांनी असे हसले. शुक्रन. पुढच्या शुक्रवारी पुन्हा येशील?"

माझी छाती फुगली. "येतो की, साहेब! या वेळी वीस फूट उंच करतो!"

"उंच नको," ते म्हणाले, आणि फेसाखालून नव्यासारखी झळकत बाहेर आलेल्या आपल्या गाडीकडं त्यांनी बोट दाखवलं. "घरात अजून चार आहेत."

मी मान डोलावली. म्हणालो, "इन्शाल्ला!"