शिवलिंगअण्णा आणि फोनमधला चांगला माणूस

आमच्या बिदरकडच्या हुलसुरात शिवलिंगअण्णांएवढ्या अदबीनं फोनला कुणी प्रश्न विचारला नसेल. त्यांच्या फोनात नेट नव्हतं, माझ्या फोनात होतं. म्हणून दुपारी माझ्या शिलाईच्या दुकानात येऊन बसायचे आणि हुकूम सोडायचे, "मास्तर, लिव्हा."

"काय लिहू?"

"अगोदर नमस्कार लिव्हा. मग माझं नाव, गाव. वळख न देता कोन सांगतंय का?"

आता घ्या! मशीन सोडून मी इंग्रजी अक्षरांत अण्णांची सगळी कुंडली टाकायची, आणि शेवटी प्रश्न: ज्वारीवर चिकटा पडलाय, औषध काय? फोन दाखवणार हात जोडलेल्या माणसांचे फोटो. अण्णा खूश. "बघा, उलटा नमस्कार केला. मानूस चांगला हाय."

एवढ्या गोड माणसानं पोटच्या पोराशी मात्र अबोला धरलेला. महेशनं न विचारता पुण्यात आसामची मुलगी केली. तेव्हापासून "त्याचं नाव काढू नगा" हे अण्णांनी गावभर सांगून टाकलं होतं.

एक दिवस दुकानात गिऱ्हाईक नाही असं बघून अण्णा हळूच म्हणाले, "लिव्हा. नमस्कार. आमची सून रूमी, मुक्काम पुणे. तिला ज्वारीची भाकर चालतीय का?"

"अण्णा, तुमची सून फोनला कशी माहीत असणार?"

"कामून? समद्या जगाचं सांगायलाय, पुण्यातलं सांगत न्हाई व्हय?"

लिहिलं बाबा. फोननं भाकरी थापायची कृती दाखवली. अण्णांचं तोंड एवढंसं झालं.

"आजून एक लिव्हा," ते खाली बघत म्हणाले. "सासरा वंगाळ बोलला आसंल, तर सून घरला येती का?"

माझ्याच्यानं बटणं दाबवेनात. जीव तुटला, आणि रागही आला. "बास झालं अण्णा, ज्याचं त्याला विचारा," म्हणून मी महेशचा नंबर लावला आणि फोन त्यांच्या हातात कोंबला.

उचलला रूमीनं. माझा चायना फोन, आवाज गल्लीभर. तिला मराठी येईना, अण्णांना तिची बोली. अण्णांनी घसा खाकरला आणि आमच्या बिदरी हिंदीत म्हणाले, "बेटी, मैं महेश का अप्पा. रोटी खाये क्या?"

पलीकडनं बारीक आवाजात, "अप्पा, हम आएँ?"

अण्णांनी डोक्याचा रुमाल काढून डोळ्यांना लावला.

"पूछते क्या बेटी! घर तुम्हाराच है. कलीच आव."