खड्डा म्हणजे एकच

"आप्पा, जपून, पुढं खड्डा हाय," असं मी म्हटलं आणि आप्पा रस्त्याच्या मधोमध थांबले. मागं रिक्षावाला हॉर्न वाजवतोय आणि हे मला शिकवताहेत, "खड्डा न्हाय रं. पाण्यानं झाला तो खळगा. खड्डा माणसानं मुद्दाम खणाय लागतो."

आप्पा म्हणजे शहापुरातले आमचे शेजारी, म्हातारे विणकर. जमीन कुठं उकरलेली दिसली की तिचं नाव घेतल्याशिवाय पाऊल पुढं टाकत नसत. पाइपसाठी खणला तो चर. नारळाला केलं ते आळं. बोरगावात त्यांच्या मामाकडं जमिनीखाली जोंधळा साठवायचे, ते पेव. एकदा गल्लीच्या रस्त्यासाठी मी अर्ज लिहिला, तर सगळे 'खड्डे' खोडून 'खळगे' करायला लावले. कचेरीतला कारकून कानडीत वैतागला, "अज्जा, येल्ला ओंदे री!" सगळं एकच हो! आप्पा बाहेर येऊन हळहळले, "पोरगा चांगला हाय. एकाच शब्दावर भागवतोय बिचारा."

त्यांच्या लेखी खरा खड्डा एकच, त्यांच्या घरातला, हातमागाचा. त्यात पाय सोडून, जमिनीवर बसून त्यांनी चाळीस वर्षं साड्या विणल्या. माग केव्हाच मोडीत गेला. खड्ड्यावर फळ्या टाकलेल्या. गेल्या महिन्यात त्यांच्या मुलानं, महादेवनं, तो बुजवून फरशी घालायचं ठरवलं. आप्पा नको म्हणाले नाहीत. पण मुरूम आला त्या सकाळी त्यांनी फळ्या काढल्या, खड्डा झाडला आणि आत पाय सोडून बसले. उठेनातच.

महादेवनं मला हाक मारली. मी म्हटलं, "आप्पा, उठताय न्हवं?"

आप्पांची बायको, आमची काकी, जाऊन तीन वर्षं झाली होती. समोरच्या कोपऱ्याकडं बघत आप्पा म्हणाले, "तुझी काकी तितं सुताच्या कांड्या भरत बसायची. मी असा उंच, ती एवढीशी. उभारलो की मला तिचा निस्ता भांग दिसायचा. हितं बसलं की तोंडासमोर तोंड. आमचं काय बोलणं झालं ते हितंच. बाकी घरात म्या हुकूमच सोडला रं."

महादेवनं मुरमाची पाटी खाली ठेवली आणि तो त्या कोपऱ्यात मांडी घालून बसला.

"गुडघं लई दुखत्यात काय आप्पा?" त्यानं विचारलं.

मी हळूच निघून आलो. दुपारपर्यंत दोघांचं बोलणं भिंतीपलीकडून ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी पहिली पाटी आप्पांनीच ओतली.