आपल्याच दाराची कडी

आमचे शेजारी गणपतराव मास्तर बाहेरून कुलूप लावलेल्या आपल्याच दाराची कडी वाजवीत. शाळेतून आले की आधी कुलपासकट कडी खडखडवायची, थोडं थांबायचं, मग किल्ली काढायची. घरात दुसरं माणूस नव्हतं. मांजरदेखील नव्हतं.

समोरचा विणकर यल्लप्पा माग थांबवून ओरडे, "मास्तर, सकाळी सोताच कुलूप लावून गेलाव की! आत कोन हाय?"

"विचारायला काय जातं रे?"

"मग काय म्हनले?"

"आज काही बोलले नाहीत."

सारी गल्ली हसे. माझी पत्नीही हसायची. ती गेली त्या उन्हाळ्यानंतर मात्र संध्याकाळी तो आवाज आला की मी पुस्तक मिटून बसे.

मास्तर कविता करीत. वृत्त नाही, यमक नाही. पुण्यात आता असंच लिहितात, असं कधीही पुण्याला न गेलेले मास्तर सांगत. एका रविवारी वाचनालयात त्यांनी 'कडी' नावाची कविता वाचली.

मी कडी वाजवतो.
आतली शांतता उठून उभी राहते,
पण दारापर्यंत येत नाही.
दिव्याची काच पुसलेली, वात कोरडी.

"कडी म्हणजे पारतंत्र्य!" वकील म्हणाले. त्या दिवसांत सगळ्याचाच अर्थ पारतंत्र्य होई.

"तसंच समजा," मास्तर म्हणाले.

"छे! घर म्हणजे देह, दिवा म्हणजे ज्ञान," शास्त्रीबुवा म्हणाले. "कडी ही वासना."

"तसंच समजा."

"आणि ही कविता आहे, असंही समजायचं का?" मागून कुणीतरी विचारलं.

"तसंच समजा." मास्तरही सगळ्यांबरोबर हसले आणि कागदाची घडी करत राहिले.

परतताना ते माझ्याबरोबर होते. कविता माझ्या डोक्यातून जात नव्हती. तिच्यातला माणूस हाक मारत नाही, नाव सांगत नाही. आतून 'कोण?' असं विचारलं तर काय सांगावं, याचीच त्याला धास्ती असावी. तरी कुणी येईल म्हणून काच पुसून ठेवतो.

"मास्तर," मी म्हणालो, "कडी म्हणजे कडीच ना?"

पिठाची गिरणी मागे पडल्यावर त्यांनी मागे कुणी नाही ना, हे वळून पाहिलं.

"एकदम आत शिरायचा धीर होत नाही हो. कडी वाजवून थांबलं की तेवढ्यापुरतं घरात कुणीतरी असतं." मग घाईघाईनं म्हणाले, "वाचनालयात सांगू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या कुलपाची दुसरी किल्ली मागून घेतली. तिला दुकानातला दोरा तसाच होता. कशाला हवी, हे त्यांनी विचारलं नाही.

संध्याकाळी कापडगिरणीचा भोंगा झाला तेव्हा मी त्यांच्या घरात दिवा लावून, आतून कडी घालून बसलो होतो. बाहेर चपला वाजल्या. यल्लप्पाचा माग थांबला. कडी वाजली, रोजच्यापेक्षा हळू.

"कोण?" मी विचारलं.

चपला दारापाशी घुटमळल्या.

"मी. गणपत."

मी दार उघडलं. चपला काढता काढता, दिव्याकडे बघत त्यांनी विचारलं, "फार उशीर झाला का?"

घरात शिरताना मीही हेच विचारीत असे. पत्नीचं उत्तर मला पाठ होतं.

"झालाच," मी म्हणालो. "हात-पाय धुऊन घ्या."