सदर आवाज मनोरंजनपर आढळला

जनसमाधान संचालनालयाच्या नागपूर कार्यालयात माजी उपसंचालकांच्या निधनाबद्दल सगळे कर्मचारी माना खाली घालून उभे होते. दोन मिनिटांच्या स्तब्धतेतलं पहिलं मिनिट नीट पार पडलं. दुसऱ्या मिनिटात कुठल्याशा संगणकातून वरातीतलं गाणं सुरू झालं, ढोलासकट. रीतसर चौकशी समिती नेमण्यात आली. गाणं कार्यालयप्रमुख ईश्वरदास साहेबांच्या केबिनमधून आलं, हे अख्ख्या कार्यालयानं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. पण समितीनं कानांचा पुरावा ग्राह्य धरला नाही. 'गाणे संगणकातून आले, सबब संगणक दोषी,' असा निष्कर्ष निघाला आणि शिक्षाही संगणकांनाच झाली.

गाणी वाजवणारी सगळी सॉफ्टवेअरं उडवण्यात आली. एमपीथ्रीवर बंदी आली. कुणीतरी शंका काढली, की गाणं दुसऱ्या फॉरमॅटमध्येही येऊ शकतं. तेव्हा संगणक कक्षाच्या दामिनी मॅडमनी गाणं जगात ज्या ज्या वेषात हिंडतं, ते सगळे वेष शोधून आदेशात घातले. स्पीकर कपाटात गेले, कपाटाला सील लागलं. कार्यालय इतकं शांत झालं, की दुपारी कुणाची झोपमोड होईना.

तक्रार विभागातल्या भूपेश परातेला याचं सुखदुःख नव्हतं. हातमागाच्या खटखटाटात वाढलेला माणूस. शांतता त्याला हवीच होती. पण मग वरून 'बोला, आम्ही ऐकतो' ही योजना आली. नागरिकांना लिहिण्याचा त्रास नको म्हणून लेखी तक्रारी बंद. नागरिकानं फोनवर बोलायचं आणि ते बोलणं फाइल होऊन थेट भूपेशच्या संगणकात पडायचं. पडलं. तो उघडायला गेला, तर पडद्यावर पाटी आली: 'सदर आवाज मनोरंजनपर असण्याची शक्यता आहे. परवानगी नाही.'

तो दामिनी मॅडमकडे गेला.

"मॅडम, ह्या तक्रारी आहेत. गाणी नाहीत."

"ऐकल्या का?"

"ऐकू कुठून? उघडतच नाहीत."

"मग गाणी नाहीत हे कशावरून म्हणता?"

"माझ्या मोबाइलवर ऐकून पाहू का?"

"सरकारी गाऱ्हाणं खाजगी कानात? निलंबित व्हायचंय का पराते?"

भूपेश तसाच ईश्वरदास साहेबांकडे गेला. साहेब शांत माणूस. "अरे पराते, तुम्ही काहून टेन्शन घेऊन राहिले? अहवालात रकाना काय आहे? ऐकलेल्या तक्रारींपैकी प्रलंबित किती?"

"साहेब, आपण एकही ऐकली नाही."

"म्हणजे प्रलंबित शून्य. अख्ख्या राज्यात कोणाचं आहे शून्य?"

असं सगळं सुरळीत चाललं असताना नरखेडकडून एसटीनं वच्छलाबाई आल्या. लुगड्याचा पदर खोचलेला, हातात पिशवी. पिशवी त्यांनी भूपेशच्या टेबलावर उलटी केली. सुपारीएवढ्या हिरव्या मोसंब्या टेबलभर घरंगळल्या.

"हे पाय. लेकरं गळून राहिले माहे. वावरातली डीपी जळली. मोटर बंद. विहिरीत पानी हाये, पन ते का आपल्या पायानं वर येईन?"

डीपी म्हणजे शेतातल्या मोटरीला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर. तो बदलून मिळाला, तर बाग वाचणार. नाही तर नाही. एवढी साधी गोष्ट होती. भूपेशला ती लगेच कळली आणि तिथंच तो अडचणीत आला.

"मावशी, तोंडी तक्रार घेता येत नाही. फोन लावून बोला."

"तुह्यासमोर बसून तुलेच फोन लावू?"

"मला नाही, योजनेला."

वच्छलाबाईंनी भूपेशच्या शेजारच्या खुर्चीत बसून योजनेला फोन लावला आणि रागानं सगळं पुन्हा सांगितलं. फाइल संगणकात पडली. भूपेशनं उघडून पाहिली. पाटी आली.

"आता तं आयकलं ना गा?"

"मी ऐकलं मावशी. ऑफिसनं नाही ऐकलं."

वच्छलाबाईंनी रिकामी पिशवी झटकली. "तुही माय कशी बोलत असन रे तुह्याशी? अर्ज करून?" त्या मोसंब्या तिथंच टाकून निघून गेल्या.

त्या गळालेल्या फळांनी भूपेशचा जेवणाचा डबा कडू केला. त्यानं दामिनी मॅडमची पाठ सोडली नाही. शेवटी मॅडमनी मार्ग काढला: आवाज माणसानं ऐकायचाच नाही, एका परीक्षण प्रणालीनं ऐकायचा. बोलणं निघालं तर भूपेशकडे, गाणं निघालं तर नियमानुसार सांस्कृतिक विभागाकडे. प्रणाली कामाला लागली. रडून केलेल्या तक्रारी भावगीतांत गेल्या. शिव्या देऊन केलेल्या रॅपमध्ये. एक गृहस्थ फक्त उसासे टाकत होते, ते शास्त्रीयमध्ये. भूपेशकडे एकच फाइल आली. तिच्यात कुणी काही बोललंच नव्हतं.

वच्छलाबाईंच्या हेलाला प्रणालीनं शेरा दिला: लोकगीत, उत्तम.

लवकरच प्रलंबित शून्य असल्याबद्दल कार्यालयाला पहिला पुरस्कार मिळाला. नागपुरातच सोहळा ठरला आणि सांस्कृतिक विभागानं 'ज्येष्ठ लोककलावंत' म्हणून वच्छलाबाईंना बोलावणं धाडलं. त्या लगबगीनं आल्या. दारातच भूपेश दिसला.

"बलावलं बापा एकदाचं! डीपी न्यायले गाडी सांगू का?"

भूपेश खरं काय ते सांगायला पुढे झाला. तोवर दोन मुलींनी बाईंना ओवाळून मंचावर नेलं आणि पुढ्यात माइक ठेवला. वच्छलाबाईंनी समोरचे साहेबलोक पाहिले. एवढे एका जागी त्यांना कधी सापडले नव्हते. त्यांनी पदर खोचला.

"लाइनमेनले सांगतलं, तो म्हने सायबाले सांग! सायबाले सांगतलं, तो म्हने नागपूरले सांग! नागपूरले आली, हा म्हने मशीनले सांग! मशीनले सांगतलं, डीपी काही येत नाही! नाल्याच्या काठी, बिब्याच्या झाडापाशी, वावर माहं वाळून राहिलं, डीपी काही येत नाही! मोटर मुकी झाली, डीपी काही येत नाही!"

'डीपी काही येत नाही'ला पहिल्या रांगेनं टाळी धरली. दुसऱ्या वेळेला सगळ्या सभागृहानं. मागून शिट्टी आली. ढोलकीवाला बसलाच होता, त्यानं थाप दिली. बाई चिडून आवाज चढवत गेल्या, तसतशी लय वाढत गेली.

भूपेश वाकून साहेबांच्या कानाशी लागला. "साहेब, ही तक्रार आहे हो! खरी!"

"असं?" साहेब म्हणाले. "मग तुम्ही ठेका कशाले धरून राहिले?"

भूपेशनं खाली पाहिलं. त्याचा पाय हलत होता.

शाल आणि नारळ देऊन बाईंचा सत्कार झाला. साहेबांनी विचारलं, "दुसरं काही आहे का, जरा नाचण्यासारखं?" वच्छलाबाईंनी नारळ हातात फिरवून पाहिला. "हा का मोटरले जोडू गा?" त्यावरही हशा आणि टाळ्या झाल्या.

पुढचं सांगायला नको. कुणीतरी बाईंच्या मंचावरच्या रेकॉर्डिंगला ढोल जोडला आणि लग्नसराईत नागपूर ते नरखेड एकही वरात त्याच्याशिवाय हलली नाही. साहेबांच्या मोबाइलची ती रिंगटोन झाली. पुढच्या स्तब्धतेत तीही वाजली. भूपेशच्या संगणकात मात्र मूळ फाइल तशीच बंद आहे. पाटी बदलली, एवढंच. आधी नुसती शक्यता होती, आता 'सदर आवाज निश्चितपणे मनोरंजनपर आहे' असं येतं. तिकडे बागेतली झाडं तोडून झाली. वच्छलाबाईंचा पुन्हा फोन आला नाही, सबब त्या समाधानी नागरिकांत धरल्या गेल्या.

ते गाणं तुमच्याही मोबाइलमध्ये आहेच. पुतणीच्या हळदीत तुम्हीच लावायला सांगितलं होतं. त्यात ती वावराची खूण सांगते. कुठल्या झाडापाशी म्हणते, आठवतं का? राहू द्या, वर जाऊन पाहू नका. तुमचा दोष नाही. तिथवर येईपर्यंत तुमचाही पाय हलायला लागला होता.