सात नंबरचा पट्टा

यंत्रं मला टरकतात! थापा नाही मारत; साहेबांनाही मी हे छातीठोकपणे सांगायचो. कारखान्यातला सात नंबरचा पट्टा दिवसातून चारदा बंद पडायचा. मोटर चालवणाऱ्या ड्राइव्हवर ‘संपर्क तुटला’ असं झळकायचं. मी जाऊन नुसतं रीसेट दाबलं की गुमान सुरू! माझ्या दुरुस्तीच्या खोलीत येऊन टेबलाशी बसलो, की पुन्हा ठप्प.

दोष कुणाचा ते उघड होतं. पट्ट्यावर माझा मेहुणा होता. बायकोच्या हट्टापायी मीच चिकटवलेला. डोक्यात नुसता भुसा!

“केबलला हात लावतोस ना रे?”

“नाही हो भावोजी! तुम्ही गेलात की आपोआप होतं.”

“म्हणजे माझी पाठ फिरली की तुझे हात शिवशिवतात!”

त्याच संध्याकाळी त्याला नोकरीत कायम करण्याच्या कागदावर सही व्हायची होती. मी साहेबांना स्वच्छ सांगितलं, “नातं गेलं चुलीत! बेजबाबदार माणूस आहे. मला बघा, खोलीबाहेर पाऊल टाकताना टेबलाचा स्विच बंद करतो. याला शिस्त म्हणतात!” साहेबांनी पेन खिशात ठेवलं. मेहुण्याचा चेहरा एवढासा झाला. मला वाईट वाटलं? छे! घरी बायको काय करेल, एवढीच धास्ती.

तासाभरात पट्टा पुन्हा बंद! मेहुण्याने मला दंडाला धरून ओढतच नेलं. मी रीसेट दाबलं. ढिम्म! दहादा दाबलं.

“आज टरकत नाही वाटतं?” साहेब मागेच उभे!

मी मेहुण्यावर उखडलो, “गाढवा, स्विचसुद्धा बंद करू दिला नाहीस! जा, आधी बंद करून ये!”

तो गेला. थोड्या वेळाने मी रीसेट दाबलं आणि पट्टा धडधडत सुरू! “बघा साहेब! ब्याद टळली आणि यंत्र चाललं!”

ब्याद परतली ती काखेत खोका घेऊन. “भावोजी, हा ड्राइव्ह तुमच्या टेबलावर पट्ट्यांच्याच नेटवर्कच्या वायरीला जोडलेला होता. याचाही नंबर सातच आहे.”

मीच दुरुस्त करून चाचणीला लावलेला ड्राइव्ह! मी टेबलाशी बसून स्विच लावला, की तोही सुरू. एकाच नंबरचे दोन ड्राइव्ह जोडले, की त्यांना हुकूम देणाऱ्या कंट्रोलरचा गोंधळ उडतो आणि संपर्क तुटतो. नवीन आलेल्यांना हे शिकवतो कोण? मीच!

साहेबांनी तिथल्या तिथे पेन काढून सही ठोकली. मेहुणा कायम झाला. आता पट्टा जरा अडखळला, की तो मला बोलवायला येत नाही. फोन करून सगळ्यांसमोर मोठ्याने विचारतो, “भावोजी, स्विच बंद आहे ना?”